नमुना क्रमांक दोनशे चौदा

सोमवार, ४ मार्च

टिल्ल्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेशील, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. तुझ्या बायकोला पाचवा महिना आहे. तिला दवाखान्यातून ज्या गोळ्या सुरू झाल्यात त्या तिला लागू पडणार नाहीत, आणि दवाखान्याला ते माहीत नाही. आता फाड.

फाडलं नसशील तर नीट बस आणि वाच. मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे, त्याच टेबलावर. सध्या एक मोजणी चालू आहे. एचआयव्हीची लागण झालेली, पण अजून एकही गोळी न घेतलेली माणसं असतात, त्यांच्या रक्तातला विषाणू औषधांना आधीच निर्ढावलेला आहे का, ते बघायचं. बारा दवाखान्यांतून नळ्या येतात. गोळ्या सुरू व्हायच्या आधी घेतलेलं रक्त. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. सोबत एक कागद असतो. वय, बाई की पुरुष, गरोदर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, ‘यापूर्वी औषधं घेतली का?’ तिथं ‘नाही’ असेल तरच नमुना आमचा. आम्ही विषाणूची जनुकीय अक्षरं वाचतो, कुठली गोळी चालणार नाही ते बघतो आणि शेकड्यात मांडतो. ज्याचं रक्त, त्याला काही कळवायचं नाही. अहवाल पुढच्या वर्षी येणार. असला नियम कशाला, असं तू म्हणशील. अरे, नाव नाही म्हणूनच तर लोक रक्त देतात.

दोनशे चौदा नंबरची नळी आली. बाई, वय एकोणतीस, गरोदर, औषधं नाही. यंत्रानं वाचली आणि पडद्यावर तांबडी खूण आली. म्हणजे हा विषाणू जुन्या कुठल्यातरी नमुन्याशी नको इतका जुळतोय. आमच्याकडे याचा एकच अर्थ घेतात, कुणाचा तरी हात चुकला आणि एका नळीतला थेंब दुसरीत गेला. जुळला की नमुना बाद, पुढचा घ्या. नवीन मुलींना हे मीच शिकवते. कशाशी जुळला ते बघितलं, तर ‘सराव एक’.

सराव एक म्हणजे तू.

नऊ वर्षांपूर्वी तू माझ्यावर विश्वास टाकून माझ्याच खुर्चीत बाही वर करून बसलास ना, त्याच आठवड्यात नवं यंत्र आलं होतं. हात बसावा म्हणून तुझं रक्त मी तुला न विचारता त्यात घातलं. नळी तेव्हाच जाळली, अक्षरं तेवढी यंत्रात राहिली. मग जळलेल्या नळीतला थेंब आज कुठून पडणार? आणि दोनशे चौदा हुबेहूब तू नाहीसच. नऊ वर्षांनी ओळखीचा माणूस जेवढा बदललेला दिसावा, तेवढा बदललेला आहे. शिवाय त्यात दोन जागी असे फरक आहेत की जे गोळ्या सुरू करायच्या, सोडायच्या, परत सुरू करायच्या, परत सोडायच्या, असं केल्यानं होतात. तू जिवंत आहेस हे मला असं कळलं. औषधाच्या बाबतीतही तू धड वागला नाहीस हेही कळलं.

शास्त्राप्रमाणे मधे तिसरं कुणी असू शकतं. म्हणून तुझ्या त्या चावीवाल्या मित्राकडे गेले. त्याच्यावर चिडू नकोस. तीन दिवस दुकानासमोरच्या पायरीवर बसून राहिले तेव्हा कुठे तो बोलला, की तू वजनकाटे दुरुस्त करतोस, चार वर्षांपूर्वी लग्न केलंस, बायको गरोदर आहे आणि अमक्या दवाखान्यात जाते. नळी त्याच दवाखान्याची होती.

तेव्हा एवढंच कर. तिच्याबरोबर जा आणि डॉक्टरांना सांग, ‘मला लागण आहे, मी अमुक गोळ्या घेतल्या आणि मधेच सोडल्या.’ एवढ्या एका वाक्यावर ते तिला दुसऱ्या गोळ्या देतील. माझं नाव नको, नंबर नको. आज ज्या चालू आहेत त्यांचा उपयोग होतोय का, ते डॉक्टर सहा महिन्यांनी तपासतील. तोवर ती बाळंत होऊन गेलेली असेल. दुसऱ्या गोळ्या आत्ता सुरू झाल्या तर बाळ बहुतेक सुटतं.

जुनं उकरत नाही. मी आईला सांगितलं, आईच्या तोंडून ते फुटलं, तुझं ताट वेगळं झालं, ठरलेलं लग्न मोडलं. ते झालं ते झालं. आता हे कर.

ताई


मंगळवार, १९ मार्च

टिल्ल्या,

पंधरा दिवस झाले. पत्र पोचलं आहे, पोचपावतीवर तुझी सही आहे. ‘र’ अजून तसाच काढतोस, शेपूट तुटलेला.

इकडचं ऐक. दोनशे चौदाचं उरलेलं रक्त मी पुन्हा वाचलं, दोनदा. तेच आलं. मग साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “हात चुकला म्हणा आणि सोडा.” शंभरात दहाच्या वर निर्ढावलेले निघाले तर सगळीकडच्या गोळ्या बदला, असं वर कळवावं लागतं. आम्ही नऊ पूर्णांक आठवर होतो. दोनशे चौदा धरला की दहाच्या वर जात होतो. मी म्हटलं, “साहेब, दोनशे चौदा पोटुशी आहे हो.” ते चष्मा पुसत म्हणाले, “बाई, दोनशे चौदा हा आकडा आहे. आकडा पोटुशी नसतो.” आणि माझ्यादेखत त्या ओळीपुढे ‘वगळला’ असं लिहिलं. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं.

त्यानंतर मी तुझं दुकान बघायला आले होते. हे सांगणार नव्हते, पण सांगते. समोरच्या बसथांब्यावर पाऊण तास उभी होते. तू वाळला आहेस, आणि कपाळ मागे गेलंय, थेट बाबांसारखं. तू काट्याचं पारडं उघडून बसला होतास आणि ती स्टुलावर बसून तुला एकेक वजन पुसून देत होती. मोठं वजन उचलायला गेली तर तू तिच्या हातावर चापट मारलीस आणि स्वतः उचललंस. ती हसली. मला इतकं बरं वाटलं रे, की काही विचारू नकोस. रस्ता ओलांडायला एक पाऊल टाकलं आणि परत मागे घेतलं. काय म्हणणार होते? मी तुझी नणंद, आणि तुझ्या रक्तात काय आहे ते तुझ्याआधी मी वाचलंय?

वजन उचलू देत नाहीस, मग हे का उचलू देतोस तिला?

ती रोज घड्याळ लावून ती गोळी घेत असेल. अशा बायका मी बघितल्यात. मळमळलं तरी घेतात, बाळासाठी म्हणून घेतात. आणि गोळी पोटात जाऊन काहीच करत नाही. एका वाक्याचं काम आहे. फोन कर निदान. नंबर खाली लिहिते.

ताई


शुक्रवार, २९ मार्च

काल तुझा फोन आला. नऊ वर्षांनी आवाज ऐकला आणि तू सव्वा मिनिट बोललास. त्यातलं एकही अक्षर माझ्या डोक्यातून जात नाहीये.

“तू आमच्या मधे पडू नकोस. तिला माहीत आहे ते कुठून आलं. तिच्या पहिल्या नवऱ्याकडून आलं. तो असाच गेला. माझी तपासणी मी बाहेर केली, साफ आहे, असं सगळ्यांना सांगितलंय. घर नीट चाललंय. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, एकदा माझं वाटोळं केलंस तेवढं पुरे.”

वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. म्हणजे नवरा गमावलेल्या बाईशी तू लग्न केलंस ते एवढ्यासाठी? का लग्नानंतर सुचलं? दवाखान्यात तिचं रक्त सापडलं तेव्हा तू तिच्या शेजारी बसून कपाळाला हात लावलास ना? आणि मग मोठ्या मनानं म्हणालास ना, की जाऊ दे, झालं ते झालं, मी तुला टाकणार नाही? तुझा चावीवाला मित्र सांगत होता, आळीत तुझं नाव निघतं म्हणे. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं बायका म्हणतात. ऐकताना मी मान डोलावली होती. मला काय माहीत, तू कशाबद्दल शाबासकी घेतोयस ते.

नऊ वर्षं तुला माहीत आहे. माझ्या खुर्चीत बसून तू तो कागद वाचलास, मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. तिच्याशी लग्न करायच्या आधी पाच वर्षं तुला माहीत होतं. कुठल्यातरी लांबच्या दवाखान्यात खोट्या नावानं तू गोळ्या घेतल्यास आणि त्या लपवता येईनात म्हणून सोडल्यास. त्या सोडलेल्या गोळ्यांनी निर्ढावलेला विषाणू तू तिला दिलास, आणि वर त्याचं बिल एका मेलेल्या माणसाच्या नावावर फाडलंस.

आता ‘माझं वाटोळं केलंस’ म्हणतोस, तर तेही पुरतं ऐक. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आईच्या तोंडून काही फुटलं नाही. आई बिचारी मरेपर्यंत तो आळ अंगावर घेऊन बसली. तुझं लग्न ठरलेल्या त्या मुलीच्या घरी मी स्वतः गेले होते. तू तिला सांगशील म्हणून महिनाभर वाट बघितली. तू कपडे शिवायला टाकलेस, तेव्हा गेले. तिच्या आईला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. तू घर सोडून गेलास, आणि नऊ वर्षं मी स्वतःला खात राहिले की मी नको होतं सांगायला. काल फोन ठेवला आणि ते खाणं थांबलं. ती मुलगी आज कुठेतरी सुखात असेल. सांगितलं ते बरंच केलं. तू गेलास तिथं मात्र सांगायला कुणी नव्हतं.

पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं बोल. नाही गेलास तर मी जाते. नोकरी गेली तर गेली.

ताई


बुधवार, १० एप्रिल

ती कुठे गेली म्हणून तू सगळीकडे विचारत असशील. माझ्याकडे आली होती.

गुरुवारी दुपारी आमच्या नळ्या घ्यायच्या खिडकीशी कुणीतरी उभं असल्याचं मुलींनी सांगितलं. बाहेर गेले तर ती. पायांना सूज, हातात माझं तिसरं पत्र, चार घड्या घातलेलं. तू बाजारात कुणाचा काटा दुरुस्त करायला गेला होतास, आणि पोस्टमनला तिनंच सही करून दिली. बाईचं अक्षर दिसलं म्हणून फोडलं, मग तुझ्या हत्यारांच्या पेटीत आधीची दोनही सापडली, असं म्हणाली. तुझं बाहेर काही आहे की काय, असं वाटलं तिला. तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

“तुम्ही माझ्या वन्सं ना?” तिनं विचारलं. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

“एकच सांगा. लग्नाच्या वेळी यांना माहीत होतं?”

मी म्हटलं, “होतं.”

“पक्कं?”

“मीच तपासलं होतं.”

ती रडली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकले आणि तुझं नाव न घेता बोलायला लागली. रक्त सापडलं त्या दिवशी ती पहिल्या सासूच्या दारात गेली होती. भर चौकात त्या म्हातारीला शिव्या दिल्या, तुझ्या पोरानं मला मारलं म्हणून. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “असेल बाई. असेल. तो आता सांगायला येत नाही.” तो छातीच्या दुखण्यानं गेला होता, असं त्याच्या कागदांवर लिहिलेलंच होतं, पण हिनं ते खोटं मानलं. तू सांगितलंस म्हणून. “आणि मी ह्यांचे पाय चेपत होते,” ती म्हणाली. “रोज. मला ठेवून घेतलं म्हणून.”

मी तिला तिथल्या तिथे रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर लहान वयाच्या आहेत, पण कान जागेवर आहेत. त्यांना नंबर सांगितला, विषाणूतले दोन फरक कागदावर लिहून दिले, कुठल्या गोळ्या चालतील तेही लिहिलं. नियम मोडला, उघड मोडला, खाली सही केली. त्यांनी तिच्या रकान्यातलं काही बदललं नाही, कारण तिनं खरंच आधी काही घेतलं नव्हतं. खोटं तिच्या कागदावर नव्हतंच. गोळ्या मात्र त्याच दिवशी बदलल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या दृष्टीनं मी गुप्तता फोडली, आणि ते खरंच आहे. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. मोजणी नऊ पूर्णांक आठवर संपली आहे. चिंतेचं कारण नाही, असा अहवाल जाणार.

तू म्हणशील, ताईला मिरवायला आणखी एक गोष्ट मिळाली. तर ऐक. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मला वाटलं होतं ती माझा हात तरी धरेल. तिनं विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

मी म्हटलं, “फेब्रुवारीच्या शेवटी.”

“मग त्याच दिवशी माझ्याकडे का नाही आलात? दुकानासमोर येऊन उभ्या राहिलात, पत्रात लिहिलंय तुमच्या. मला का नाही हाक मारलीत? त्यांना पत्रं का लिहीत बसलात?”

उत्तर माझ्याकडे होतं, पण तिला द्यायच्या लायकीचं नव्हतं. पाच आठवडे मी घरबसल्या उंटावरून शेळ्या हाकल्या. नियम आड येतो, भावाच्या घरात कसं पडायचं, अशा सबबी माझ्याकडे ढीगभर होत्या. खरं म्हणजे मला तू हवा होतास. तू वाचशील, तू फोन करशील, तू ताई म्हणशील. तिच्या पोटातल्या जिवाच्या आडून मी माझ्या भावाला परत बोलावत होते, आणि तेवढे पाच आठवडे ती ते निरुपयोगी औषध गिळत राहिली. साहेबांनी तिला आकडा केलं. मीही फार वेगळं काही केलं नाही.

ती तुझ्याकडे परत येणार नाही. कपडे नेलेत, बाकी सगळं तिथंच आहे.

ताई


रविवार, २२ सप्टेंबर

काल तू आलास. दार मीच उघडलं. तू उंबऱ्याच्या बाहेर उभा होतास, मी आतल्या बाजूला, आणि तू नऊ वर्षांनी “ताई” म्हणालास. खोटं कशाला बोलू? तुला आत ओढून घ्यावं, जेवू घालावं, असं वाटलं. आतड्याचं नातं आहे, ते काही चौकशी करून सुटत नाही.

तू रडलास. तुझं दुकान बसलंय, आळीत तोंड दाखवायला जागा नाही, चावीवाला बोलत नाही. ते सगळं मी ऐकून घेतलं. तब्येत उतरली आहे तुझी, ते न सांगताही दिसतं. दवाखान्यात जा. त्या लहान वयाच्या डॉक्टर चांगल्या आहेत. ‘यापूर्वी औषधं घेतली का?’ असं विचारतील, तेव्हा ‘होय’ म्हण, कुठली, किती दिवस, सगळं सांग. तुझ्यावर कुठली गोळी चालेल, ते मी या पत्रामागच्या कागदावर लिहून दिलंय. मला कामावर परत घेतलेलं नाही, पण एवढं अजून डोक्यात आहे.

तिचा पत्ता मात्र देणार नाही. तिला ठिकाण मिळालंय. ज्या घरी मिळालं, ती म्हातारी तुझ्या-माझ्यापेक्षा मोठ्या मनाची निघाली, एवढंच सांगते. बाळंतपण नीट झालं. मुलगा की मुलगी, तेही सांगणार नाही. मी जाते तिथे, दर रविवारी. तिनं मला माफ केलेलं नाही, पण बाळाला माझ्या मांडीवर देते आणि स्वतः आत जाते.

काल तू तासभर दारात उभा होतास. ती कुठे आहे, हे तू चार वेळा विचारलंस. ती लोकांना काय सांगते, हे दोनदा विचारलंस. ती परत यायचं काय घेईल, हेही विचारलंस. मी दाराच्या कडीवर हात ठेवून वाट बघत होते. दीड महिन्याचं झाल्यावर बाळाचं रक्त तपासलं. उत्तर माझ्याकडे होतं. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, आणि तुला आत घेतलं असतं.

तू विचारलं नाहीस. म्हणून दार लावलं.

ताई